सर, सर्व्हर चालू झाला का?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या मोबाईलवर सलाम-दुवेच्या आधी एकच प्रश्न येऊ लागतो, "सर, सर्व्हर चालू झाला का?" विचारणारे सगळे शिक्षक. कुणी सेलूचे, कुणी देवळीचे, कुणी आर्वीकडचे. उत्तर देणारेही शिक्षकच. ज्याच्या ताब्यात तो सर्व्हर आहे असा माणूस त्या ग्रुपवर एकही नाही. म्हणजे बसस्टँडवर उभे असलेले सगळे प्रवासी एकमेकांनाच विचारत आहेत, गाडी सुटली का म्हणून.

उर्दू शाळेत वीस वर्षे 'हम' म्हणत शिकवल्यामुळे मराठीत लिहितानाही 'मी' लिहायला हात अडखळतो. तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची शाळा पहिली ते पाचवी, पट ६३, शिक्षक तीन. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, एवढे सांगितले तरी पुरे. मुख्याध्यापकाचा प्रभार आमच्याकडे. तिसऱ्या शिक्षिका शिक्षणसेवक आहेत. मुले त्यांना बाजी म्हणतात, इथे आम्हीही बाजीच म्हणू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन, असा हिशेब आहे. संचमान्यतेला पट धरतात तो ३० सप्टेंबरचा, आणि आता त्यातही आधार जुळलेली नावे मोजतात. आमची ५८ नावे जुळलेली होती, पाच राहिली होती. तीन मुले दुसऱ्या गावाहून उशिरा आली, दोघींचे आधारच उशिरा निघाले. बाजींची नोकरी त्या पाच नावांवर आली होती, आणि ती पाच नावे एका पोर्टलवर भरायची होती. पोर्टलचे नाव कशाला घ्यायचे? ज्यांना भरावे लागते त्यांना ते ठाऊक आहे.

दिवसा ते उघडत नसे. म्हणून इशाची नमाज झाली की आम्ही लॅपटॉप घेऊन बसायचो. पान उघडायचे, युजर आयडी टाकायचा, पासवर्ड टाकायचा, वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायची, आणि मग ते गोल चक्र फिरायला लागायचे. एकदा तर मुलांची यादी आली, नाव उघडले, दुरुस्ती केली, सेव्हचे बटण दाबले आणि तिथेच चक्र अडकले. बेगम म्हणाल्या, "तुम्ही तस्बीह घेऊन बसल्यासारखे त्या चक्राकडे बघत बसता."

अशा वेळी हाताला काहीतरी काम हवे म्हणून आम्ही एक शंभर पानी वही काढली. तीन रकाने आखले: तारीख, वेळ, शेरा. दर अर्ध्या तासाने प्रयत्न करायचा आणि शेऱ्यात 'सर्व्हर बंद' लिहायचे. २७ तारखेला ८ ओळी झाल्या, २८ ला ९, २९ ला ७ आणि ३० ला १०. एकूण ३४. पाच नावांपैकी एकही भरले गेले नाही.

ऑक्टोबर उजाडला आणि कारणे दाखवा नोटीस आली. पोर्टल सुरळीत सुरू असताना आपल्या शाळेचे काम अपूर्ण का, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. 'सुरळीत सुरू असताना' हे तीन शब्द आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. मग वही आठवली. पुरावा घरातच होता! बाजींना सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रंग आला.

खुलासा लिहिण्याआधी आम्ही आपाच्या मुलीला फोन केला. ही आमची भाची पुण्यात एका कंपनीत डेटाबेस सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. तिचे काम नेमके काय, हे आमच्या खानदानाला एका लग्नात कळले. मेहंदीच्या रात्री अडीच वाजता तिचा फोन असा काही किंचाळला की देगीजवळ झोपलेला बावर्ची उठून बसला. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन देगींच्या शेजारीच बसली आणि अर्ध्या तासाने परत झोपायला गेली. सकाळी मोठ्या चाचींनी विचारले, "मुलीला एवढ्या रात्री कोण फोन करतो?" ती म्हणाली, "माणूस नाही चाची, मशीन करते. सर्व्हर जवाब देईना झाला की."

तर त्या रविवारी आम्ही तिला वही वाचून दाखवू लागलो. दोन ओळी ऐकून तिने थांबवले.

"मामू, 'सर्व्हर बंद' म्हणजे काय दिसत होतं पडद्यावर? काही आकडा होता?"

आकडा होता. ५०४ होता, कधी ५०३. आम्ही तो लिहिला नव्हता. बाजींनी दोन-तीन वेळा मोबाईलने पडद्याचे फोटो काढले होते म्हणून आठवला.

मग तिने जे समजावले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. पोर्टल म्हणजे एक मशीन नव्हे. तहसील कचेरीत जशी पुढे खिडकी आणि मागे रेकॉर्ड रूम असते, तसे पुढे एक सर्व्हर पान दाखवायला असतो आणि मागे डेटाबेस असतो, ज्यात खरी नावे असतात. खिडकीवर बाबू बसलेला दिसला म्हणजे रेकॉर्ड रूम उघडी आहे असे नाही. ५०३ म्हणजे खिडकीवरचा बाबू सांगतो, सध्या काम होणार नाही. ५०४ म्हणजे बाबू मागे निरोप पाठवून वाट पाहत बसला आणि मागून उत्तरच आले नाही. पान झटकन उघडते आणि लॉगिनला चक्र फिरते, याचा अर्थ आम्हाला त्या दिवशी कळला.

डेटाबेस चालू आहे की नाही हे पाहायच्या पायऱ्या असतात, ती म्हणाली. पहिली पायरी पिंग. त्या मशीनला हाक मारायची आणि तिने ओ दिली का बघायचे. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ च्या डिसेंबरमध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारचा जो आवाज असतो त्यावरून नाव दिले. पण मशीनने ओ दिली याचा अर्थ मशीनला वीज आहे, जाळे जोडलेले आहे, एवढाच. डेटाबेस त्या मशीनवरचा एक प्रोग्राम. तो मेलेला असला तरी मशीन ओ देते. दुसरी पायरी दरवाजा. मायएसक्यूएलचा नेहमीचा दरवाजा ३३०६ नंबरचा, पोस्टग्रेसचा ५४३२. दरवाजा उघडा आहे का बघायचे. तिसरी पायरी, त्या प्रोग्रामलाच विचारायचे, जिंदा आहेस का? मायएसक्यूएलसोबत यासाठी एक छोटी आज्ञा येते. गंमत अशी की पासवर्ड चुकीचा दिला आणि त्याने हाकलून दिले, तरी ती आज्ञा 'जिंदा आहे' असेच धरते. हाकलायला तरी कुणी होते ना आत!

"मग चौथी?" आम्ही विचारले.

"चौथीच खरी मामू. त्याला एक सवाल विचारायचा आणि जवाब बरोबर आला का बघायचं. आणि रोजचं काम लिहिण्याचं असेल तर एक ओळ लिहून बघायची. डिस्क भरली की कित्येकदा असं होतं, वाचायला देतो पण लिहून घेत नाही."

यादी आली पण सेव्ह झाले नाही, ती रात्र आम्हाला आठवली. तिथे कारण काय होते ते आम्हाला कळायला मार्ग नाही. पण इतकी वर्षे हजेरी घेत असल्यामुळे तिचा मुद्दा मात्र आम्हाला लगेच पटला. पोर 'हजर सर' म्हणते ती पहिली पायरी. कालच्या धड्यात काय होते हे विचारल्याशिवाय ते खरोखर हजर आहे का ते कळत नाही.

गर्दीचीही गोष्ट तिने सांगितली. डेटाबेसच्या आत एका वेळी किती जणांना घ्यायचे याची मर्यादा ठरलेली असते. कुणी बदलली नाही तर मायएसक्यूएलमध्ये ती १५१, पोस्टग्रेसमध्ये १००. मोठ्या ठिकाणी ती वाढवतात, पुढे रांग लावायची सोय करतात. पण मर्यादा असतेच. मायएसक्यूएल त्यावर एक जागा जास्तीची ठेवतो, सांभाळणाऱ्यासाठी, म्हणजे गर्दीतही त्याला आत शिरून बघता यावे. शेवटच्या रात्री राज्यभरच्या शाळा एकदम बटण दाबतात तेव्हा आतल्याला विचारले तर तो चालूच असतो, पूर्ण दमात. फक्त आपला नंबर लागत नाही. कागदावर 'सुरळीत सुरू' आणि आमच्याकडे गोल चक्र, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. नोटिशीतल्या त्या तीन शब्दांवरचा आमचा राग थोडा उतरला. थोडाच.

कारण ती पुढे म्हणाली, सर्व्हर ९९ टक्के वेळ चालतो असे कुणी सांगितले तर बरे वाटते, पण वर्षाच्या हिशेबात उरलेला एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त होतो. आम्ही मनात म्हटले, आणि ते साडेतीन दिवस २७ ते ३० सप्टेंबर असले तर? टक्केवारीत तारीख दिसत नाही. हे काही आमच्या एकट्याचे दुखणे नाही. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५ साली पहिल्यांदा सगळ्या राज्याला लागू झाली, आपल्या वर्धा जिल्ह्यासकट. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ चालेना आणि नोंदणी २६ मेपासून घ्यावी लागली. ज्यांच्या घरी त्या वर्षी दहावी झालेले मूल होते त्यांना ते पाच दिवस आठवत असतील.

वही पुढे वाचू लागलो. २८ तारीख आली.

"या दिवशी कोणता आकडा होता?"

या दिवशी आकडा नव्हता. आठवून सांगितले, पान पांढरे यायचे, त्यावर एक छोटा काळा प्राणी.

"मामू, डायनासोर आला होता?"

होय. तोच तो, उड्या मारणारा, ज्याच्याशी घरातली पोरे खेळतात. भाची काही क्षण गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, डायनासोर म्हणजे आपलेच नेट गेलेले असते. ती मागणी सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. त्या रात्री तुमच्याकडे पाऊस होता का?

पाऊस होता. विजा होत्या. आम्ही एकाच कंपनीच्या मोबाईलवरून नेट घेत होतो, टॉवर गेला असणार. दुसऱ्या कुठून पाहिले का, असे तिने विचारले, आणि आम्ही पाहिले नव्हते. तिच्या कंपनीत म्हणे एका सर्व्हरवर दोन-तीन वेगवेगळ्या शहरांतून नजर ठेवतात. एकालाच दिसत नसेल तर आधी त्याच्या डोळ्यांवर शंका घ्यायची. सलग तीनदा उत्तर आले नाही तरच कुणाची तरी झोप मोडायची, नाहीतर 'लांडगा आला रे' होते आणि खऱ्या वेळी कुणी उठत नाही.

सेलूच्या एका ओळखीच्या शिक्षिकेला फोन लावला. त्यांनी २८ च्या रात्री सव्वाअकराला अकरा नावे भरली होती. त्या रात्री पोर्टल सर्वांत चांगले चालले होते.

आमच्या ३४ ओळींपैकी ९ ओळी खोट्या निघाल्या. मुद्दाम लिहिलेल्या नव्हत्या, पण खोट्याच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाजींना हे सांगितले. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, २८ तारीख राहू द्या ना. कोण तपासणार आहे?"

त्यांची तीन वर्षांची शिक्षणसेवकी संपत आली आहे. घरी म्हातारे वडील आहेत. आम्ही लगेच काही बोललो नाही, बोलवलेही नाही. संध्याकाळी भाचीने जे सांगितले होते तेच त्यांना सांगितले. सर्व्हर स्वतःची रोजनिशी ठेवतो. कोण कधी आले, कुणाला काय उत्तर दिले, सगळे वेळेसकट. त्यांनी ती उघडली आणि आपली एक ओळ खोटी निघाली तर उरलेल्या पंचवीसही जातील. बाजी म्हणाल्या, "आणि नाही उघडली तर?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही लाल पेनने त्या नऊ ओळींवर आडवी रेघ मारली, समासात 'आमचे नेट बंद' लिहिले आणि खुलाशाला त्याच पानाची झेरॉक्स जोडली. बाजी त्या दिवशी चहा न घेता घरी गेल्या.

इथे थोडे सेवाग्रामबद्दल. दरवर्षी आम्ही चौथी-पाचवीची मुले आश्रमात नेतो. तिथे एक जुना टेलिफोन आहे, व्हाइसरॉय लिनलिथगोंनी गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून बसवलेला. मुलांना चरख्यापेक्षा त्याचेच नवल जास्त. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच, "सर, हा चालू आहे का?" नुसते बघून फोन चालू आहे की नाही कळत नाही. आमच्या लहानपणी रिसीव्हर उचलला की टूं असा आवाज यायचा, त्यावरून लाइन जिवंत आहे हे कळायचे, कुणाशी बोलायचे नसले तरी. आजच्या पोरांनी तो आवाज ऐकलेलाच नाही.

खुलासा दिला त्या दिवशी टेबलावरच्या साहेबांनी वहीची झेरॉक्स उलटसुलट करून पाहिली. लाल रेघेवर बोट ठेवून विचारले, "हे काय?" आम्ही सांगितले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत, सही करून पोच दिली. तीन दिवसांनी सर्वांनाच आठ दिवसांची मुदतवाढ मिळाली. ती आमच्या वहीमुळे मिळाली असे मुळीच नाही. सगळीकडूनच ओरड होती.

मुदतवाढीत आम्ही फजरनंतर बसलो. पहाटे साडेपाचला पोर्टल असे धावत होते की जणू त्याला कधी काही झालेच नव्हते. पाचपैकी चार नावे वीस मिनिटांत भरली. पाचवीचे उत्तर तर क्षणात आले: जुळत नाही. तिचे शेख आधारकार्डावर नावाच्या आधी आहे आणि आमच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये नावाच्या नंतर. सर्व्हर चालू होता, जवाबही देत होता. ते नाव त्या वर्षी राहिले. ६२ झाले. बाजींना फोन केला तेव्हा पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, मग त्यांच्या वडिलांनी फोन घेतला.

दिवाळीत भाची आली तेव्हा आम्ही तिला आमच्याच संगणकाचे बघायला सांगितले. कॉलेजात असताना तिने प्रोजेक्ट म्हणून शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर मायएसक्यूएलमध्ये उतरवले होते, १८४७ नावे. जुन्या विद्यार्थ्यांना जन्मतारखेचा दाखला लागला की आम्ही त्यातून शोधतो. रोज रात्री त्याची नक्कल पेनड्राइव्हवर होते, असे आम्ही समजून चाललो होतो. तिने पाहिले तर शेवटची नक्कल चौदा महिन्यांपूर्वीची. पेनड्राइव्ह भरला होता. संगणक रोज बिचारा प्रयत्न करायचा, जमले नाही असे एका फाईलमध्ये लिहून ठेवायचा, आणि ती फाईल कुणी उघडत नव्हते.

आमचे तोंड उतरलेले पाहून तिने गिटलॅब नावाच्या मोठ्या कंपनीचा किस्सा सांगितला. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका थकलेल्या इंजिनियरने चुकून चालू डेटाबेसचीच फोल्डर पुसायला घेतली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले. नकला शोधायला गेले तर रोजची नक्कल कित्येक दिवस होतच नव्हती. नक्कल फसली की ईमेल जावा अशी व्यवस्था होती, पण ते ईमेल पलीकडे स्वीकारलेच जात नव्हते. म्हणजे पहारेकरी ओरडत होता आणि त्याचा आवाज कुणापर्यंत पोचत नव्हता. त्याच इंजिनियरने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक नक्कल काढून ठेवली होती, तिने वाचवले. मधल्या सहा तासांचे गेले ते गेलेच. या कंपनीने सगळे जगजाहीर लिहून टाकले, याचे आम्हाला जास्त कौतुक वाटले.

आणि कागद ठेवायचाच, असे ती स्वतः म्हणाली. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला सायबर हल्ल्याने सर्व्हर बंद पडले तेव्हा जवळजवळ दोन आठवडे ओपीडीचे काम हातानेच चालवावे लागले होते. आमचे कापडी बांधणीचे जुने रजिस्टर आम्ही कपाटातून पुन्हा खालच्या फळीवर, हाताशी आणून ठेवले.

भाचीने उलटी व्यवस्था केली. संगणकाने बिघडल्यावर ओरडायचे नाही. मेलेला कसा ओरडणार? त्याने रोज दुपारी चार वाजता डेटाबेसला विचारायचे, नावे किती? उत्तर १८४७ आले की आणि नक्कल झाली की 'ठीक आहे' असा निरोप बाहेर एका सेवेकडे पाठवायचा. सव्वाचारपर्यंत निरोप पोचला नाही तर ती सेवा आमच्या आणि भाचीच्या मोबाईलवर घंटा वाजवणार.

पहिल्याच शनिवारी घंटा वाजली. आम्ही जेवून आडवे झालो होतो. चप्पल पायात घालून शाळेत धावलो. शनिवारी सकाळची शाळा असते, शिपाईचाचांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडून कुलूप लावले होते, हे कुलूप उघडल्यावर आठवले. शनिवारची वेळ आता साडेदहाची केली आहे.

त्यानंतर उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत घंटा वाजली नाही. जूनअखेर शाळा उघडली. पहिल्या दिवशी प्रवेशाची गडबड, पावसाने ओली पोरे, पुस्तकांचे गठ्ठे. बाजी संगणकावर बसल्या होत्या. सव्वाचारला मोबाईल किंचाळला आणि दोन मिनिटांत पुण्याहून फोन.

"मामू, काय झालं? जवाब चुकीचा येतोय. १८४८ म्हणतो."

आम्ही बाजींकडे पाहिले. बाजींनी पडद्याकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"काही नाही बेटा," आम्ही म्हणालो, "पहिलीत एक मुलगी आली."